नवरा म्हणतो ‘ही बायोलॉजी आहे’, त्याला काय उत्तर देऊ?

पत्र

ताई, मी ३१ वर्षांची, पुण्यात राहते, नवरा आणि मी दोघंही आयटीत. मुलगी सात महिन्यांची झाली. माझी सुट्टी संपून ऑफिस सुरू झालंय आणि पोरगी अजून रात्री तीन-चारदा उठते. दरवेळी मीच उठते. नवरा वाईट माणूस नाहीये हे आधीच सांगते, घरात पैशांवरून कधी कटकट नाही, माझ्या आईबाबांशीही नीट वागतो. पण गेलं वर्षभर त्याला पॉडकास्ट आणि रील्सचं वेड लागलंय आणि आता प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, ‘ही बायोलॉजी आहे’. बाळाचं रडणं आईला ऐकू येतं, बापाला येतच नाही, ही बायोलॉजी. पुरुष हा शिकारी आणि अल्फा, म्हणजे कळपाचा दादा, घर सांभाळणं त्याच्या मेंदूत बसलेलंच नाही, ही पण बायोलॉजी. मी चिडले की ‘हार्मोन्स आहेत, होईल शांत’.

इथपर्यंत मी गिळलं. पण मागच्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमधून एक सायकल गेली, तर हा लगेच म्हणाला की वॉचमनच्या मुलाने नेली असणार, त्यांच्या जमातीत रक्तातच असतं ते, जीन्स आहेत. तो मुलगा नववीत आहे हो, येताजाता माझ्या मुलीला हसवतो. त्या रात्री पोरगी झोपली तरी मला झोप आली नाही. मी कॉमर्सवाली, मला मुद्दे सुचत नाहीत आणि तो मला सायन्स समजत नाही असं म्हणून विषय संपवतो. खरंच सगळं जीन्समध्येच असतं का? काय बोलू मी याच्याशी?

उत्तर

बाळा, आधी हे सांगते की सायन्स तुला समजत नाही म्हणून तू गप्प बसावंस असं यात काहीही नाहीये. तू जे विचारलंयस ते अगदी नेमकं विचारलंयस. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवली आहे आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे त्याचं नाव घेऊन कोणी घरातलं काम टाळतं किंवा एखाद्या पोराला चोर ठरवतं तेव्हा मला मनापासून त्रास होतो, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

एक चूक करू नकोस. ‘बायोलॉजी-बियोलॉजी काही नसतं, सगळं समाजाने शिकवलेलं असतं’ असं त्याला म्हणू नकोस, कारण ते खरं नाहीये आणि तिथे तू हरशील. नऊ महिने पोटात बाळ तूच वाढवलंस, दूध तुलाच येतं, प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही हार्मोन्स तुझ्या शरीरात काम करतायत, बाळंतपणात झीज तुझी झाली. हे सगळं शरीराचं आहे आणि यात नवरा काही करू शकत नाही. पण दूध पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, परत झोपवणं, यातल्या एकाही कामाला गर्भाशय लागत नाही. शरीराचं काम कुठे संपतं आणि घरात कोणी काय करायचं हे आपण कुठून ठरवायला लागतो, ती रेष तो पुसून टाकतोय. सगळी गफलत तिथे आहे.

आता रडणं ऐकू येण्याचं. यावर २०१३ साली नेचर कम्युनिकेशन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, फ्रान्समधले आणि काँगोमधले आईबाप घेऊन केलेला. वेगवेगळ्या बाळांच्या रडण्याचे आवाज ऐकवायचे आणि त्यातून आपलं बाळ ओळखायचं. निघालं असं की जे बाप बाळाबरोबर रोज चार तासांहून जास्त असतात ते आयांइतकंच बरोबर ओळखतात, आणि जे कमी वेळ असतात ते मागे पडतात. म्हणजे फरक पडतो तो बाळाजवळ किती वेळ घालवला यावर. अगदी साधी गोष्ट आहे ही, पण तुमच्या घरात काय झालं ते यावर ताडून बघ. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ही फार चांगली गोष्ट आहे, बायकांना ती लढूनच मिळालीय. बापाला खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही, कंपनी देईल ती खरी, केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. म्हणजे सहा महिने तू चोवीस तास त्या बाळाबरोबर काढलेस, कुठलं रडणं भुकेचं, कुठलं पोटदुखीचं, कुठलं नुसतं घे म्हणून, हे तू रोज चुकत चुकत शिकलीस, आणि तो मात्र लॅपटॉप उघडून बसला, आणि आता सहा महिन्यांनी तुझं जे शिकणं आहे त्याला तो उपजत म्हणतोय. तुझी मेहनत अशी नाहीशी होते त्यात. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. स्वीडनमध्ये १९७४ पासून ही रजा आईबाप दोघांच्या नावाने असते, आता ती ४८० दिवसांची आहे आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव, बापाने घेतले नाहीत तर ते फुकट जातात. तिथल्या पुरुषांचे जीन्स काही वेगळे नाहीत, कायदा वेगळा आहे.

तुझ्या नवऱ्याला हार्मोन्सवर बोलायला आवडतं ना, मग टेस्टोस्टेरॉनचीच, म्हणजे ज्याला पुरुषी हार्मोन म्हणतात त्याचीच गोष्ट सांग त्याला. फिलिपिन्समध्ये सेबू नावाचं ठिकाण आहे, तिथल्या ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलं आणि २०११ मध्ये ते छापून आलं. ज्यांचं आधी जास्त होतं ते पुढे जोडीदार मिळून बाप होण्याची शक्यता जास्त, इथपर्यंत पॉडकास्टवाले पण आनंदाने सांगतील. पण बाप झाल्यावर त्याच पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन चांगलंच उतरलं, आणि जे बाप रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करत होते त्यांचं सगळ्यात कमी होतं. हा काही आजार नाहीये, त्यांची मर्दानगी पण गेलेली नाहीये, बापाचं शरीर बाळासाठी जुळवून घेतंय ते. इस्रायलमध्ये २०१४ साली असे बाप तपासले जे स्वतःच बाळाचं सगळं मुख्य करत होते, घरात आई नव्हतीच, दोन्ही पुरुष पालक. बाळाचे व्हिडिओ बघताना त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भावनांशी जोडलेला भाग, आयांच्या मेंदूसारखाच पेटत होता. म्हणजे ‘माझ्या मेंदूत बसलेलं नाही’ याचं खरं उत्तर हे आहे की करायला लागलं की बसतं. शरीरामुळे वागणं ठरतं एवढं अर्धंच तो ऐकतोय, वागण्यामुळे शरीर बदलतं हे उरलेलं अर्धं कोणी त्याला सांगितलेलंच नाही. मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांत तर बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ बाळाला हातात घेऊन किंवा हात पुरेल एवढ्या अंतरावर असतो. आणि हे आका शिकारी लोक आहेत बरं का, जाळी लावून शिकार करतात, बायका पण जातात बरोबर. शिकारी असणं आणि बाळ कडेवर घेणं यात त्यांना काही विरोध दिसत नाही.

अल्फाबद्दल फार वेळ घालवत नाही. ती कल्पना पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून आली, १९४७ सालच्या एका अभ्यासातून, ज्यात एकमेकांची ओळख नसलेले लांडगे एकत्र कोंडले होते, मग मारामाऱ्या होणारच. १९७० च्या ज्या अमेरिकन पुस्तकामुळे ती सगळीकडे पसरली त्याच्याच लेखकाने पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला वर्षानुवर्षं उन्हाळे काढून जंगलातले लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं, आणि पुढे असतात ते आईबापच. शेवटी त्याने स्वतःच प्रकाशकाच्या मागे लागून ते पुस्तक छापणं बंद करायला लावलं, ते २०२२ मध्ये बंद झालं. पण रील्समधला अल्फा अजून पिंजऱ्यातच फिरतोय.

खरी मजा अशी आहे की प्राण्यांतून तुला हवं ते उदाहरण निघतं. आपल्या सह्याद्रीतला धनेश बघ, मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर काही आठवडे फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. तळ्यावरचा कमळपक्षी बघ, अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच वाढवतो आणि मादी पुढच्या नराकडे जाते. मग मी म्हणू का की ही बायोलॉजी आहे, ऊठ? नाही म्हणणार, कारण ती पण लबाडीच होईल, फक्त माझ्या बाजूची. सारा हर्डी नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात आपल्या अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास केला. टोळीवर नवा नर आला की तो आधीच्या नराची दूधपिती पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात, असं त्यांनी मांडलं. हे नैसर्गिक आहे की नाही? आहे. मग त्यावरून सावत्र मुलांशी कसं वागावं हे कोणी शहाणा माणूस ठरवेल का? नैसर्गिक आहे यातून बरोबर आहे असं निघत नाही, चुकीचं आहे असंही निघत नाही. गंमत म्हणजे याच बाईंनी नंतर माणसाच्या बाळावर लिहिलं आणि त्यांचं सांगणं असं की माणसाचं पोर एकट्या आईने वाढवावं असं कधी नव्हतंच, आजी, मावशी, मोठी भावंडं, बाप सगळे मिळून ते वाढवत आले म्हणून आपण तगलो. तू रात्री एकटी उठतेस ना, ते उत्क्रांतीच्या हिशेबाने पण विचित्रच आहे.

‘हार्मोन्स आहेत’ यावर एवढंच सांगेन की हार्मोन्स सगळ्यांनाच असतात, मॅच हरल्यावर त्याला राग येतो तेव्हाही शरीरात काहीतरी होतच असतं, म्हणून मॅच हरलीच नाही असं होत नाही. तुझ्या चिडण्याला कारण आहे, ते म्हणजे तू सात महिने सलग झोपलेली नाहीस. पण हे वाचताना मला एक विचारावंसं वाटतंय, पोरगी झोपल्यावरही झोप येत नाही हे रोजचं झालंय का, रडू येतं का, कशातच मन लागत नाही असं होतं का? असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि ते बरं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता वॉचमनच्या मुलाचं. पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट ही आहे आणि तुझी झोप उडाली ती बरोबर उडाली.

‘रक्तातच असतं’ हे वाक्य तुझ्या नवऱ्याने रील्समध्ये ऐकलं असेल पण ते आपल्याकडे दीडशे वर्षं जुनं आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा विचार असा की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोरच होणार. जन्माला आलं की झालं, गुन्हा करायची पण गरज नाही. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींवर हा शिक्का बसला, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहतच होती, तिथे पोरं जन्मली, वाढली आणि तिथूनच मिलमध्ये कामाला गेली. देश स्वतंत्र झाला तरी हे लोक कुंपणातच होते, तो शिक्का अधिकृतपणे पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. आणि पुसला म्हणजे कागदावर पुसला. चोरी झाली की आधी त्यांच्याच वस्तीवर पोलीस जातात हे अजून चालूच आहे. ज्या माणसांना जमीन नाही, दाखला नाही, गावात थारा नाही, पोटाचा धंदा जंगल कायद्याने बंद केला, त्यांच्यातल्या एखाद्याने चोरी केली तर त्याचं कारण शोधायला जीन्सपर्यंत जायची खरंच गरज आहे का? मला हे पटवून सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आणि ‘सायन्स’ म्हणून हे सांगितलं जाणं पण नवीन नाही. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकं मोजायचा, नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरते असं त्याचं म्हणणं होतं. आकडे होते, तक्ते होते, सगळं शास्त्रीय दिसत होतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं की जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची समाजाने केलेली विभागणी आहे, आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात त्यांनी हीच नाकांची मोजमापं घेऊन तो वंशाचा सिद्धांत मोडून काढला. म्हणजे विज्ञानाला शिव्या न देता विज्ञानानेच उत्तर दिलं.

तू पुण्यातली आहेस म्हणून इरावती कर्व्यांची गोष्ट तुला मुद्दाम सांगते. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला पीएचडीला गेल्या, गाईड कोण तर ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं फार मोठं नाव, ज्याच्या कामाचा आधार पुढे नाझींनी घेतला. त्याने विषय दिला कवट्यांचा. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, आणि तो फरक युरोपियन लोकांत जास्त निघेल, त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध असेल अशी त्याची अटकळ होती. विशी ओलांडलेली ही मराठी मुलगी परक्या देशात त्या संस्थेत बसून कवट्या मोजत राहिली आणि शेवटी तिने लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. गाईडला काय हवंय हे माहीत असताना. नंतर त्यांनी आपल्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर काम केलं. मला विचारशील तर बायोलॉजीचा आदर करणं म्हणजे हे, मोजायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, आधीच ठरवलेलं तिच्या तोंडी घालायचं नाही.

सगळं जीन्समध्येच असतं का, हे तू विचारलंस त्याचं उत्तर अजून राहिलं. जीन्स बऱ्याच गोष्टींत असतात पण असतात म्हणजे ठरलेलं असतं असं नाही. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक आजार आहे, संपूर्ण आनुवंशिक, एका जीनमधला बिघाड, उपचार नाही केले तर मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. आणि उपचार काय, तर जन्मल्यापासून आहारातलं एक अमिनो आम्ल मोजून कमी ठेवायचं. जीन तोच राहतो, मूल नीट वाढतं. स्वभावाच्या बाबतीत तर याहून किती जास्त गुंता. टांझानियातले मसाई आणि आपल्या मेघालयातले खासी यांच्यात एक प्रयोग झाला होता, बादलीत बॉल टाकायचा, प्रत्येक बॉलमागे ठरावीक पैसे घ्यायचे का समोरच्याशी स्पर्धा लावून जास्त घ्यायचे हे स्वतः निवडायचं. मसाईंमध्ये स्पर्धा निवडणारे पुरुष बायकांपेक्षा खूप जास्त निघाले, आणि खासींमध्ये, जिथे घर आणि वारसा आईकडून मुलीकडे जातो, तिथे बायका पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या. तुझी मुलगी मोठी झाल्यावर मुलींना स्पर्धा झेपत नाही असं तिला कोणीतरी सांगेलच, तेव्हा हे लक्षात असू दे.

आता करायचं काय. यातलं सगळं त्याला रात्री दोन वाजता ऐकवू नकोस, लिंका पण पाठवू नकोस, तो उलट दहा पाठवेल आणि रात्री उठायचं कोणी हा मूळ विषय बाजूलाच राहील. शनिवारी दुपारी पोरगी झोपली की बस आणि सायन्सवर न बोलता थेट सांग, मला आठवड्यातून तीन रात्री सलग झोप हवीय, कुठल्या तीन तुझ्या ते तू सांग. सात महिन्यांची आहे, रात्री एखादं दूध लागलं तर काढून ठेवता येईल, आणि रात्रीची किती दुधं अजून गरजेची आहेत ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचार. त्याच्या रात्री तू दुसऱ्या खोलीत झोप, दार लावून. पहिल्या काही रात्री ती जास्त रडेल, त्याला जमणार नाही, तो वैतागेल, तुझा जीव वरखाली होईल, पण जाऊन हातातून घेऊ नकोस, नाहीतर तो शिकणारच नाही आणि मग परत तेच ऐकशील. सासूबाई किंवा आई मदतीला असतील तर त्यांनाही हे सांगून ठेव, कारण पुरुष बाळाला घेऊन उभा दिसला की आपल्याकडच्या बायकाच आधी धावतात.

आणि एकदा प्रेमाने विचार त्याला की हे पॉडकास्ट का आवडतात. वर्षभर म्हणतेस, म्हणजे तू गरोदर असताना सुरू झालंय. आयटीत सध्या नोकऱ्यांची काय अवस्था आहे ते तुला माहीतच आहे, त्यात बाप होणं, आणि त्याच्या स्वतःच्या बाबांनी त्याला कधी कडेवर घेतलं असेल की नाही कोण जाणे. पुरुष असा असतो, त्याने हेच करायचं, असं कोणी ठामपणे सांगितलं की घाबरलेल्या माणसाला बरं वाटतं. हे मी त्याला माफ कर म्हणून सांगत नाहीये, त्याच्याशी बोलायला जागा कुठे आहे ते दाखवतेय. तो चांगला माणूस आहे असं तू लिहिलंयस, मी ते खरं धरते.

पण सायकलीचं मात्र शनिवारपर्यंत थांबवू नकोस. आधी विचार त्याला की हे तो फक्त तुला बोलला का सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलंय. टाकलं असेल तर आजच्या आज काढायला लाव आणि कोणी विचारलं तर माझ्याकडे काही पुरावा नव्हता असं तिथेच लिहायला लाव. त्याने नाही लिहिलं तर तू लिही, त्याच ग्रुपवर, तुझ्या नावाने. सेक्रेटरींना पार्किंगचं सीसीटीव्ही बघायला सांग. आणि वॉचमनदादांना कुणी कामावरून काढायची भाषा करत असेल तर त्या मीटिंगला तू स्वतः जा, पोरीला कडेवर घेऊन जावं लागलं तरी जा.